उरलेल्या फळीचे टेबल

मी एक जुने टेबल आहे, पण मला पाय नाहीत. मुफुलिरा गावातल्या एका लहानशा घरात, खिडकी आणि दार यांच्या मधल्या भिंतीवर मी बिजागऱ्यांनी अडकलेले आहे. काम असले की मला आडवे करून दोन साखळ्यांवर तोलतात. काम संपले की मी भिंतीला पाठ लावून उभे राहते. नवखे पाहुणे मला कपाटाचे दार समजतात आणि उघडायला बघतात.

टेबल म्हणून माझे आयुष्य सरळ गेले. मात्र मी टेबल कसे झाले, हे आठवले की आजही माझ्या अंगावर काटा येतो. लाकडाच्या अंगावर काटा कसा येईल, असे तुम्ही म्हणाल. ऐका तर, मित्रांनो.

मी मूळची मुक्वा झाडाची फळी. आमचे लाकूड लालसर, गुळगुळीत आणि टिकाऊ. साम्पा नावाच्या सुताराच्या अंगणात आम्ही काही बहिणी एकमेकींवर वाळत पडलो होतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला साम्पा आम्हाला कौतुकाने दाखवायचा, पण विकायचा मात्र कोणालाच नाही. कोणाच्या तरी लग्नातले कपाट करायचे त्याच्या मनात होते. आम्हीही त्याच स्वप्नात होतो.

एके सकाळी तो आला, आमच्याकडे न बघताच आम्हाला हातगाडीवर टाकले आणि काटोंगोच्या घरी घेऊन गेला. काटोंगो हा त्याचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. काटोंगो लांबच्या खाणीत कामाला होता आणि सुट्टी मिळाली की मालाच्या ट्रकवर बसून घरी यायचा. या खेपेला तो ट्रक उलटला होता. बाकीचे जखमी झाले, एक जण जागीच गेला. त्याच्या अंगातल्या जॅकेटमध्ये काटोंगोचे ओळखपत्र आणि फोन सापडला.

ओळख पटवायला साम्पाच गेला होता. चेहरा बघण्याजोगा उरला नव्हता. साम्पाने जॅकेट पाहिले, बाहीवर काटोंगोच्या बायकोने हिरव्या दोऱ्याने घातलेली शिवण पाहिली आणि मान डोलावली. शवागाराच्या माणसाने सांगितले, नेहमीच्या मापाची पेटी पुरेल. त्यावर साम्पा उखडला. माझा साडू प्रत्येक दारातून वाकून आत जातो, तुम्हाला माणसाची उंची कळत नाही का, असे त्याला सुनावून तो परतला. आता काटोंगोच्या अंगणातल्या आंब्याखाली तो आम्हाला रंधा मारत होता. कपाट नव्हे, शवपेटी. लांबलचक शवपेटी.

मला काय वाटले ते कसे सांगू? मी नुसती सुन्न पडून होते.

दुपार कलत आली होती. घरात बायका चटयांवर बसल्या होत्या. बाहेर शेकोटीभोवती पुरुष बसले होते, तेही बहुतेक दुसऱ्या वस्तीतले आणि चर्चच्या गायकमंडळातले. शेजारपाजारचे ओळखीचे पुरुष कबर खणायला गेले होते. तेवढ्यात फाटकातून एक धुळीने माखलेला, उंचच उंच माणूस आत आला. अंगात जॅकेट नव्हते. खांद्यावर भुईमुगाच्या शेंगांचे पोते होते. शेकोटी आणि माणसे बघून तो थबकला. मग त्याने टोपी काढली, पोते भिंतीशी ठेवले आणि रीतीप्रमाणे मान खाली घालून मंडळींच्या कडेला बसला.

तो काटोंगो होता, मित्रांनो. वाटेत चुलत्याच्या गावी तो ट्रकमधून उतरला होता आणि मुक्काम करून आता येत होता. आपल्या घरी माणसे जमलेली बघून त्याला वाटले, सासूबाई गेल्या. लोम्बेची, म्हणजे त्याच्या बायकोची, म्हातारी आई त्यांच्याकडेच राहायची.

त्याने शेकोटीत एक काटकी सरकवली. मग शेजारच्या म्हाताऱ्याला हळूच म्हणाला, "केव्हा गेल्या हो?"

"गेल्या नाही, गेला. या घरचा जावई," म्हातारा म्हणाला. "खाणीतला होता. ट्रक उलटला बिचाऱ्याचा."

काटोंगो विचारात पडला. या घरचे जावई दोनच. त्यातला एक त्याच्याकडे पाठ करून समोर रंधा मारत होता. काटोंगोने साम्पाकडे पाहिले, बराच वेळ पाहिले. मग त्याची नजर माझ्यावर आली आणि माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली.

त्याच वेळी घरातून लोम्बेचा आक्रोश ऐकू आला. आमच्याकडे माणसाला मुलाच्या नावाने हाक मारतात. म्वापे ही त्यांची मुलगी, म्हणून काटोंगो हा 'बाशी म्वापे', म्वापेचा बाप, आणि लोम्बे ही 'बाना म्वापे', म्वापेची आई. आणि आमच्याकडे रडताना गेलेल्या माणसाला त्याचे हिशेबही सुनावतात.

"एप्रिलमध्ये करतो म्हणालात, मग जूनमध्ये म्हणालात," लोम्बे रडत होती. "शाळेतल्या पोरांच्या वह्या मी मांडीवर घेऊन तपासल्या, मान मोडून गेली माझी. आता मला टेबल कोण करून देणार, बाशी म्वापे?"

काटोंगो उठून उभा राहिला. रोज घरात बोलतो तशा साध्या आवाजात म्हणाला, "अगं, या महिन्यात करणारच होतो."

शेजारचा म्हातारा बसल्या स्टुलावरून खाली आला. साम्पाचा रंधा माझ्यात रुतला आणि तिथेच थांबला. माझ्या खालच्या अंगाला बोट लावाल तर ती खाच अजून लागते. घरातल्या बायकांनी आवाज ओळखला. काही मागच्या दाराने पळाल्या, काही जागच्या जागी गोठल्या.

बाहेर आली ती एकटी सासू. काठी टेकत ती जावयासमोर उभी राहिली आणि त्याच्या दंडाला तिने चांगला चिमटा काढला. मग घराकडे तोंड करून तिने सांगितले, "गरम आहे."

तेव्हा कुठे हसू फुटले. गायकमंडळातला एक जण भीत भीत टाळ्या वाजवू लागला. साम्पा रंधा हातात घेऊनच साडूच्या गळ्यात पडला. कबर खणून मातीच्या हातांनी परतलेले शेजारी फाटकातच खांबासारखे उभे राहिले. लोम्बे दाराची चौकट धरून उभी होती. ती धावत आली नाही. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत तिने एवढेच विचारले, "जॅकेट कुठंय तुमचं?"

"कालुबाला दिलं. ताप भरला होता पोराला. ट्रकवर वारा लागत होता, म्हणून मी..."

टाळ्या थांबल्या. काटोंगोने भोवती पाहिले, आणि जिथून उठला होता तिथेच पुन्हा, मान खाली घालून बसला.

कालुबा हा त्याच्याच हाताखाली काम करणारा, किडकिडीत बांध्याचा तरुण. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याची आई राहायची. मुलगा जास्तीच्या पाळीसाठी मागे थांबला असेल, अशा समजुतीत ती बाई होती. तिला सांगायला काटोंगो स्वतः गेला. सोबत साम्पा होता. तिथे काय झाले ते साम्पाने परत आल्यावर आंब्याखाली बसून सांगितले, म्हणून मला कळले.

बाना कालुबा अंगणात वाल निवडत होती. काटोंगोला बघून तिला आनंद झाला. तिने स्टूल पुढे केले, पाणी दिले, आणि माझा पोरगा पण तुमच्याच ट्रकवर आला का, म्हणून विचारले. काटोंगोने भांडे तोंडाला लावले नाही. शेवटी साम्पाने सांगितले. ती रडली नाही. तिने हातातले सूप बाजूला ठेवले. मग म्हणाली, "त्याला थंडी वाजत होती का?"

काटोंगो म्हणाला, "हो."

"मग जॅकेट दिलंत ते बरं केलंत."

एवढे सांगून साम्पाने डोक्याला हात लावला. मी चेहऱ्याकडे नीट बघायला हवे होते, मी नुसती शिवण बघून आलो, असे तो पुन्हा पुन्हा म्हणू लागला. काटोंगोने त्याला दोष दिला नाही. आता या फळ्या ज्याच्या आहेत त्याला द्या, इतकेच तो म्हणाला. साम्पाने या वेळी खरे माप आणले. करवत चालली. पेटी आखूड झाली, अरुंद झाली, आणि एक फळी उरली. माझ्या बहिणी कालुबासोबत गेल्या. मागे उरले ती मी.

त्यानंतर माझे हाल सुरू झाले. काटोंगोने मला घरात आणायचा विषय एकदाच काढला. लोम्बे म्हणाली, ती फळी या उंबऱ्याच्या आत येणार नाही, टेबल करायचं तर दुसरं लाकूड बघा. साम्पाही मला परत न्यायला धजेना. मग मला कोंबड्यांच्या खुराड्याला टेकवून ठेवले. पाऊस आला, मी भिजले. ऊन आले, मी तडतडले. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या आणि त्यांनी मला काय काय केले ते सांगायला नको.

पण खरे सांगते, मित्रांनो, घरातल्या माणसांचे हाल माझ्याहून जास्त होते. काटोंगो खाणीवर परत गेला नाही. ट्रकच्या चाकावर पाय ठेवायचा आणि तसाच खाली उतरून घरी यायचा. दिवसभर तो अंगणात माझ्याकडे तोंड करून बसायचा. लोम्बे शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मधेच थांबते, असे तिच्या सोबतच्या बाई सांगायच्या. नशिमाचे, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीचे, ताट नवऱ्यापुढे ठेवताना ती उगाच त्याच्या हाताला हात लावायची. तो गरम आहे ना, हे बघायची. माणूस परत आला होता, पण घर अजून त्या दुपारीच अडकून पडले होते.

पावसाळा संपता संपता बाना कालुबा आली. मुलगा गेला तरी लोक तिला त्याच नावाने हाक मारायचे. काटोंगोचे जॅकेट तिने धुऊन, फाटले होते तिथे शिवून, घडी घालून आणले होते. ते परत द्यायला ती इतक्या लांबून चालत आली होती. लोम्बेने चटई अंथरली. बसता बसता तिची नजर खुराड्याकडे गेली. तिने विचारले, "ते लाकूड कुठलं?"

लोम्बेने मान खाली घातली. "त्यातलंच. उरलं होतं."

बाना कालुबा उठून माझ्याजवळ आली. तिने कोंबडी हुसकली. आपल्या कमरेच्या चितेंगे कापडाच्या टोकाने ती मला पुसू लागली.

"याच्या जोडीचं लाकूड माझ्या पोराच्या अंगावर आहे," बाना कालुबा म्हणाली, "आणि याच्यावर तुम्ही कोंबड्या बसवल्यात."

"मला भीती वाटते हिची," लोम्बे कशीबशी म्हणाली. "ही यांच्या मापाची होती, बाना कालुबा. मी रोज बघते आणि मला वाटतं, ही वाट बघत उभी आहे."

त्या बाईने मला पुसणे थांबवले नाही. "तुमच्या नवऱ्याला ही लागली नाही. माझ्या पोराला मापात बसली नाही. अख्ख्या ढिगातली ही एकच अशी, जिच्यात कोणी गेलं नाही. हिला कसली भिता? आत घ्या, नाहीतर मी डोक्यावर घालून घेऊन जाते."

लोम्बे जागची हलेना. मग ती आली आणि तिने माझे दुसरे टोक उचलले. त्या दोघींनी मिळून मला उंबऱ्याच्या आत नेले. काटोंगो दाराशी उभा होता. वाट द्यायला तो बाजूला सरकला आणि तिथेच, भिंतीकडे तोंड करून, ट्रक उलटल्यापासून पहिल्यांदा रडला.

दुसऱ्या दिवशी तो कामाला लागला. साम्पा हत्यारे घेऊन मदतीला आला, तर काटोंगोने हत्यारे ठेवून घेतली आणि त्याला परत पाठवले. घर लहान, सासूची चटई त्याच खोलीत पडायची, म्हणून पायांचे टेबल मावणार नव्हते. त्याने मला भिंतीच्या लांबीएवढे कापले, पॉलिश पेपरने घासून घासून माझा लाल रंग वर आणला. भिंतीवर एक जाड पट्टी ठोकली, पट्टीला बिजागऱ्या, बिजागऱ्यांना मी, आणि दोन्ही बाजूंना साखळ्या. पाण्याची अर्धी भरलेली बाटली माझ्यावर आडवी ठेवून त्याने मी सरळ आहे का ते पाहिले. सगळे कसे छान दिसत होते. लोम्बेने वह्यांचा गठ्ठा आणून माझ्यावर ठेवला.

आणि मी कोसळले.

पट्टी, स्क्रू आणि भिंतीचा मोठा पोपडा घेऊन मी धाडकन जमिनीवर आपटले. वह्या खोलीभर पसरल्या. लोम्बेने काटोंगोकडे पाहिले. दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली होती, आणि ती बोलायची दोघांनाही हिंमत नव्हती. मी स्वतः इतके हादरले होते, की मलाही क्षणभर वाटले, खरेच माझ्यात काही वाईट आहे की काय.

कोपऱ्यातून सासू म्हणाली, "गिलावा पोकळ आहे. भूत नाही."

काटोंगोने तिच्याकडे पाहिले. मग तो उठला आणि बोटाच्या पेरांनी भिंत वाजवत फिरला. खरेच, वरचा गिलावा ढबढब वाजत होता. त्याने गिरमिटाने गिलाव्याच्या पार आत, विटेपर्यंत भोके पाडली, त्यात लाकडी गिट्ट्या ठोकून बसवल्या आणि लांब स्क्रू घेतले. आणखी एक चूक त्याला उमगली. पहिल्या वेळी त्याने उंची स्वतःच्या कोपराने मापली होती. आता त्याने लोम्बेला खुर्चीवर बसवले आणि तिच्या कोपराखाली भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली. लोम्बे पट्टी धरून उभी राहिली, तो स्क्रू पिळू लागला. पिळता पिळता तो अचानक म्हणाला, "मी वाटेत उतरलो नसतो, तर जॅकेट परत घेतलं असतं त्याच्याकडून."

लोम्बे पट्टीवरचा हात न काढता म्हणाली, "नसतं घेतलंत. तुम्हाला मी ओळखते. पिळा तो स्क्रू."

काम झाल्यावर त्याने मला आडवे केले आणि आपले सगळे वजन माझ्यावर टाकले. लोम्बेने डोळे मिटून घेतले. साखळ्या ताणल्या, बिजागऱ्या कुरकुरल्या. मी हलले नाही. एका उंच, जिवंत माणसाचे सगळे वजन मी पेलून धरले होते. माझ्या नशिबात त्याचे वजन असे पेलायचे होते, हे मला कधी स्वप्नातही वाटले नव्हते.

मग माझे चांगले दिवस आले. लोम्बेने माझ्यावर शाळेच्या वह्या तपासल्या. म्वापेने माझ्यावर गणिते सोडवली आणि कंपासच्या टोकाने माझ्या कडेवर आपले नावही कोरले. शेजारी मला बघायला येऊ लागले. जागा न खाणारे टेबल, असे माझे कौतुक झाले. कोणी तसेच करून मागितले, मग आणखी कोणी. काटोंगो साम्पासोबत भिंतीवरची टेबले करू लागला आणि ट्रकवर चढायची वेळ त्याच्यावर पुन्हा आली नाही. आता या वस्तीत माझी बरीच भावंडे आहेत.

बाना कालुबा अधूनमधून रविवारी येते. आता म्हातारपणी तिला दिसत नाही. म्वापे तिला हात धरून माझ्याजवळ बसवते, मला आडवे करते, चहा देते. म्हातारी फारसे बोलत नाही. ती आपला तळवा माझ्यावर ठेवते आणि कडेपासून कडेपर्यंत सावकाश फिरवत राहते. झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मागे एकदा घाईत कोणीतरी चुलीवरचे गरम पातेले थेट माझ्यावर ठेवले. माझ्यावर काळे, खरबरीत वर्तुळ उमटले. एखादे चटक्याचे वर्तुळ, जुन्या टेबलाला त्याचे काय एवढे? मलाही तसेच वाटले होते. पण त्या रविवारी म्हातारीचा हात फिरत फिरत त्या वर्तुळापाशी आला आणि दचकून थांबला. बोटांनी तिने ते चाचपले. पुन्हा चाचपले. कोणाला काही विचारले नाही. हात मात्र उचलून तिने आपल्या मांडीवर ठेवला, आणि चहा पिऊन होईपर्यंत परत माझ्यावर ठेवला नाही.

ती गेल्यावर काटोंगो पॉलिश पेपर घेऊन बसला. आता तोही म्हातारा झाला आहे, दम लागतो. तरी तो डाग पूर्ण जाईपर्यंत मला घासत राहिला. मी थोडे पातळ झाले. आणखी एखादा डाग असा घासून निघेल, त्याच्यानंतरचा नाही.

म्हणून मित्रांनो, एवढेच सांगणे आहे. घरातल्या जुन्या लाकडावर गरम भांडे ठेवताना खाली एखादे फडके घाला. आम्हाला चटका बसतो म्हणून नाही; आम्ही लाकूड, आम्ही सोसतो. पण त्यावरून कोण हात फिरवत असेल, हे तुम्हाला माहीत नसते.